दार आपटलं की बंद पडतो

९ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही बऱ्या असाल. गुडघ्याचं काय म्हणणं आहे? माझं विचाराल तर मी ठणठणीत. मला काय धाड भरली आहे!

आता तुमचा रिसीव्हर. त्याला रेडिओ म्हटलं की व्याह्यांना राग यायचा. लग्नाची बोलणी चालू असताना, इतक्या लोकांसमोर, त्यांनी मला त्यावरून दुरुस्त केलं होतं आणि मी मनात म्हटलं होतं, या घरात माझ्या लेकीचं कसं व्हायचं! चांगलं झालं तिचं. असो. तो सेट बंद पडल्यापासून तुमची सकाळ मुकी झाली, असं तुम्ही लिहिलं आहे. व्याही आधी उठून बातम्या लावायचे आणि त्या आवाजाने तुम्हाला जाग यायची. ते गेल्यावर तुम्ही स्वतःच उठून बातम्या लावायचात आणि पुन्हा जाऊन पडायचात, परत एकदा जागं व्हायला. आता तेही नाही. ते वाचून मी पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं. लवकर पाठवते. खरंच पाठवते.

पण तो उघडला कसा ते ऐका, तुम्हाला हसू येईल. जावयांनी खोकं आणून दिलं आणि त्याच आठवड्यात यांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. घराची पुढची खोली म्हणजे आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तिथेच खिडकीपाशी यांची खाट टाकली, आणि खोकं कामाच्या टेबलाखाली तसंच पडून राहिलं. डॉक्टर भला माणूस आहे, त्याने आडपडदा ठेवला नाही. हात वापरला तर हात परत येईल, बोलले तर बोलणं येईल, नुसते पडून राहिले तर आहे तेही जाईल, असं म्हणाला. व्यायामाच्या बाई येतात, गोड बोलतात, हातात रबरी चेंडू देतात. हे चेंडू सोडून देतात आणि भिंतीकडे तोंड करतात. शब्द तोंडातून लोळत बाहेर पडतात याची यांना इतकी लाज वाटते की पाणीसुद्धा खुणेने मागतात. मी हात जोडले, ओरडले, अबोला धरून पाहिला. आता मुक्या माणसाशी अबोला धरून काय होणार? सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग एक दिवस माझं डोकं फिरलं. खोकं ओढून काढलं, सेट टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "तुम्हाला नाही ना करायचं? मग मी करते!" एवढी वर्षं यांच्या शेजारी बसून स्क्रू सांभाळले आहेत, सुटे भाग डब्यांत लावले आहेत, गिऱ्हाइकांशी भांडले आहे. लाकडी पेटीचा स्क्रू काढायला घेतला. स्क्रूड्रायव्हर मोठा होता, घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला, लाकडावर ओरखडा उठला. (तो तुमच्या सेटवर उजवीकडे दिसेल, त्याला मी जबाबदार.) आणि खाटेवरून आवाज आला, "शी!"

विहीणबाई, कितीतरी दिवसांत त्या तोंडातून आलेला तो पहिला शब्द होता. एरवी मला कुणी शी म्हटलं असतं तर मी त्याचं काय केलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मुद्दाम पुन्हा तोच स्क्रूड्रायव्हर लावला.

तेव्हापासून हे पडल्या पडल्या उंटावरून शेळ्या हाकायला लागले. शेळी मी. जुना सेट सरळ विजेला जोडायचा नाही, आधी मध्ये मोठा बल्ब असलेल्या बोर्डावर लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि सेट वाचतो. आपला बल्ब चांगलाच भगभगला. मग एकेक भाग मोकळा करून बघायचं. यांनी खाटेवरून बोट दाखवायचं, मी चुकीचा भाग धरायचा, यांनी डोळे मिटून घ्यायचे. शेवटी यांना ते सोसेना. काठी टेकत उठले आणि टेबलापाशी खुर्चीत येऊन बसले, सकाळभर. डाव्या बाजूचा एक ट्रान्झिस्टर जळाला होता, शेजारचे कपॅसिटर फुगले होते. ते बदलले, सोल्डरचे टाके मी घातले. मी त्याला टाका म्हणते, शिवणकाम करणारीला दुसरं काय सुचणार?

आता रोज टेबलापाशी बसतात. रोज काहीतरी नवं निघतं. एक झाकावं तर दुसरं उघडं पडतं, असं चाललं आहे. एक सुटा भाग बाहेरून मागवला आहे, तो आला की झालंच. तेवढी कळ काढा.

तुमच्या सुनेला आणि जावयांना आशीर्वाद.

तुमची,
विहीण


२ मार्च

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमचं पत्र वाचलं आणि हातातलं टाकून लिहायला बसले.

रविवारी जावई येऊन सेट घेऊन जातील, दुरुस्त झाला असो वा नसो, आजारी माणसाला त्याचा ताप नको, असं तुम्ही लिहिलंत. कुठेही टोचून लिहिलं नाही. टोचलं असतंत तर मी उलट दोन वाक्यं लिहून मोकळी झाले असते. पण तुम्ही मनापासून लिहिलंत, आणि चोराच्या मनात चांदणं.

सुटा भाग वगैरे काही यायचा नाही. तुमचा सेट केव्हाच वाजतो आहे, दोन्ही बाजूंनी, खणखणीत. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही वाजत होता.

झालं असं. पहिल्यांदा तो वाजला त्या दिवशी बातम्या लागल्या होत्या. यांनी डोळे मिटून त्या शेवटपर्यंत ऐकल्या. आवाज कमी-जास्त करून पाहिला, सुई इकडून तिकडे फिरवली. मग काठी उचलली, खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. दुसऱ्या दिवशी उठलेच नाहीत. काम संपलं होतं ना! मी सेट भरायला खोकं पुढ्यात घेतलं, आणि विहीणबाई, माझ्याने तो भरवेना. त्या खोक्याबरोबर काय काय बंद होणार ते मला दिसत होतं.

मग मी समोरचं टेप मॉनिटरचं बटण आत दाबून ठेवलं. ते दाबलं की सेट टेपची वाट बघत बसतो आणि रेडिओचा आवाज येत नाही. व्याह्यांना ते ठाऊक असणार. "अहो, बंद पडला हो पुन्हा!" म्हणून ओरडले. हे कण्हत उठले, आले, सेटकडे पाहिलं, एका बोटाने बटण बाहेर काढलं आणि अगदी अडाणी गिऱ्हाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. पण उठले होते! त्या दिवशी जेवायलासुद्धा टेबलावरच बसले.

मग मी रोज एक बिघाड करायला लागले. बायका सकाळी उठून आज काय शिजवावं याचा विचार करतात, मी आज काय बिघडवावं याचा करते. हे अंघोळीला गेले की माझे हात चालतात. चांगला फ्यूज काढून डब्यातला जळका घातला. स्पीकरची वायर अर्धवट सैल केली. एकदा स्विचच्या पातीखाली कागदाची कपची सरकवली, त्यावर यांची अख्खी सकाळ गेली. घाम फुटला, पण सोडलं नाही. मध्येच म्हणाले, "आरसा." दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा आमच्याकडे आहे, आतलं बघायला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. "आरसा!" असे जोरात म्हणाले, आणि या वेळी र सुद्धा नीट आला. आता मीटर म्हणतात, उजेड म्हणतात, सरक म्हणतात. डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर चढवून दाखवली की समजायचं, दोन्ही बाजूंच्या वायरींची अदलाबदल करायची. मुकेपणा वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष सेटमध्ये, जागेवरच राहिला तर स्पीकरमध्ये. परवा ते मला तोंडाने समजावून सांगत होते. निम्मं कळलं नाही, पण मी मान हलवत राहिले. चेंडू न धरणारा उजवा हात आता टॉर्च धरतो. उजेड थरथरतो, पण टॉर्च पडत नाही. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, काय जादू केलीत? मी म्हटलं, औषध बदललं.

पण हे सगळं चाललं आहे तुमच्या जिवावर. तुमचं घर मुकं ठेवून मी माझं बोलतं करते आहे. तुम्ही तिकडे सकाळी छताकडे बघत पडून असाल आणि मी इकडे तुमच्याच सेटच्या वायरी उपसते आहे. हे मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. चांगलं कळत होतं.

मी ठणठणीत आहे असंही लिहिलं होतं. तेही तितकंसं खरं नव्हतं. सुरुवातीला मी रोज न्हाणीघरात जायचे आणि नळ सोडून बसायचे. नळाचा आवाज असला की बाहेर काही ऐकू जात नाही. जाऊ दे, त्याचं काय एवढं!

रविवारी जावई आले तर सेट तयार असेल, बिघाड काढून ठेवीन. मला द्यायच्या त्या शिव्या मोकळ्या मनाने द्या. फक्त तुमच्या सुनेला यातलं काही सांगू नका. ती माझी लेक आहे, मला सोलून काढील.

आणि एक विचारू नये ते विचारते. अजून थोडे दिवस ठेवू का?

तुमची,
विहीण


२१ मार्च

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र दुकानातच, यांच्या शेजारी बसून लिहिते आहे. वाकून वाकून वाचत आहेत, म्हणून अक्षर वाकडं आलं तर त्यांना बोला.

तुमचं उत्तर उघडायला मला धीर होईना. उघडलं तर आत चार ओळी! ठेवा म्हणून लिहिलंत, आणि वर मलाच हिणवलंत, की तुमचे बिघाड म्हणजे पोरखेळ, त्या सेटचा खरा बिघाड आजवर एकाही मेकॅनिकला सापडलेला नाही. दार आपटलं की बंद पडतो. व्याह्यांनी म्हणे जन्मभर त्याच्या डोक्यावर टपली मारून काम भागवलं. हिंमत असेल तर तो शोधा म्हणावं. मी ते पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या. हे सावरून बसले. कुणी हिंमत असेल तर म्हटलेलं यांना कधीच खपलं नाही.

टेबलावर तो बिघाड येईना, कारण टेबलावर जाड रबर अंथरलेलं आहे, त्यात सगळे हादरे जिरतात. म्हणून सेट दाराशेजारच्या फळीवर मांडला आणि मी दार आपटलं. आवाज गुल! दिवा चालू, सुई जागेवर, आवाज नाही. पुन्हा आपटलं, सुरू. यांचे डोळे असे चमकले की मला आमच्या लग्नानंतरचे दिवस आठवले. (हे वाचून आता मला कोपर मारत आहेत.)

मग काय, दार आपटणे हा आमचा धंदाच झाला. हे टॉर्च आणि आरसा घेऊन सेटमध्ये डोकं घालून बसायचे, "आपट" म्हणायचे, मी आपटायची. नाही जमलं की "जोरात." समोरचे घड्याळवाले दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी न राहवून आले, हळूच स्टुलावर बसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, राग येतो माणसाला, मी समजू शकतो. पण आजारी माणूस आहे हो, जरा सांभाळून घ्या." मी काही सांगणार तेवढ्यात मागून आवाज आला. हे हसत होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, डोळ्यांतून पाणी, पण पोटातून, आवाज करून हसत होते. आणि घड्याळवाल्यांना म्हणाले, "तुम्ही... आपटा." जन्मात कुणाशी मोठ्याने न बोललेला तो सभ्य माणूस उठला आणि त्याने आमचं दार असं आपटलं की कडीच निखळली. कडीचं काय, येईल बसवता.

बिघाड शेवटी पेन्सिलीने सापडला, तोही घड्याळवाले बसलेले असतानाच. सेट टेबलावर घेऊन, वाजत ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक भागाला हलकेच ठोकायचं. जिथे ठोकल्यावर आवाज जातो, दोष त्याच्या आसपास. डाव्या हातात आरसा होता, तेव्हा पेन्सिल आपोआप उजव्या हातात गेली. ते यांच्या लक्षात आलं नाही, मी टॉर्च तेवढा जवळ धरला. टक, टक, टक. मागच्या बाजूला एक तापणारा ट्रान्झिस्टर आहे, आतल्या भागांना वीज पुरवणारा. त्याला टक केलं आणि आवाज गेला. भिंग लावून पाहिलं तर त्याच्या एका पायाभोवतीचं सोल्डर तापून निवून तडकलं होतं, केसाएवढी गोल भेग. सेट अगदी स्थिर असला तरच पाय टेकलेला राहायचा.

हे भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग मान वर केली आणि म्हणाले, "हा... तुझा नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"बाकीचे... तुझे."

माझ्या हातातला टॉर्च टेबलावर पडला. "तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?"

यांनी तोंड वाकडं केलं, आजाराने नव्हे, मुद्दाम. "टेप मॉनिटर!" म्हणाले. जणू काही असल्या बिघाडाला फसणारा मेकॅनिक अजून जन्माला यायचा आहे.

"मग बोलला का नाहीत? रोज घाम गाळून शोधत कशाला बसलात?"

त्यांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. घड्याळवाल्यांनी मध्ये बोलायला तोंड उघडलं होतं, मी हाताने थांबवलं.

"तू," हे म्हणाले, "नळ... सोडायची... थांबलीस."

विहीणबाई, यांना सगळं ऐकू येत होतं. नळ चालू असतानाही. आणि मी सकाळी सकाळी चोरासारखी सेटमध्ये हात घालते आहे, कामाला लागते आहे, हे पाहून यांना वाटलं, हिला धरून राहायला काहीतरी मिळालं, आता आपण शोधत राहिलंच पाहिजे. मी समजत होते मी यांना उठवते आहे. मला कोण उठवत होतं याचा मला पत्ताच नव्हता. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले, चांगली हमसून. घड्याळवाले बिचारे कधी निघून गेले कळलं नाही.

त्या भेगेवर टाका यांनीच घातला. मी घालते म्हटलं तर ऐकेनात. सोल्डरचं आयर्न उजव्या हातात, आणि तो हात डाव्या हाताने मनगटाशी धरलेला. टाका देखणा म्हणता येणार नाही, नुसता गोळा बसला आहे. पण आम्ही सेट पुन्हा फळीवर ठेवून पुरती सकाळ दार आपटलं, कडी नसलेलं, आणि तो एकदाही थांबला नाही. व्याह्यांची टपली आता चुकली म्हणायची.

तुम्ही ठेवा म्हणालात, पण रविवारी जावयांना पाठवाच. आता तो तुमच्याकडेच हवा. यांच्यासाठी काळजी करू नका. घड्याळवाल्यांनी स्वतःचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर आणून ठेवला आहे आणि हे आत्ता लिहिता लिहिता त्याच्याकडे डोळे लावून बसले आहेत. हात अजून थकतो, शब्द अडतात, काही दिवस वाईट जातात. डॉक्टर म्हणाला, पूर्वीसारखं सगळं होईलच असं नाही. पण भिंतीकडे तोंड करून मात्र झोपत नाहीत.

सेट कसा लावायचा ते यांनी सांगितलं आहे, त्यांच्या शब्दांत लिहिते: "बटण दाबल्यावर लगेच आवाज येणार नाही. बिघडला समजू नका. आधी तो आतून स्वतःला तपासतो. मग टक् होईल. मग वाजेल. थांबा." एवढं सांगायला यांना बराच वेळ लागला. मी मध्ये एक शब्द सुचवला तर रागावले.

तेव्हा सोमवारी सकाळी उठा, लावा, आणि परत जाऊन पडा. बातम्यांनी जाग आली की पत्र लिहीत बसू नका, सरळ दुकानात फोन करा. फोन हे उचलणार आहेत.

तुमची,
विहीण